देव गेला म्हणून आजी गेली का?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवावरचा विश्वास हळूहळू उडाला, त्याचं फारसं दुःख झालं नाही. पण एका रात्री अचानक मनात आलं, की देव नसेल तर आजीही आता कुठेच नाही, आणि मग पहाटेपर्यंत रडलीस. हे तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहेस. मला मात्र सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिल्यासारखं वाटलं.

देव आहे की नाही, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मला बोलायचंय ते त्या ओळीतल्या 'तर'बद्दल. देवाच्या बाजूचे सगळे युक्तिवाद तू वर्षभर कसून तपासलेस. हा 'तर' मात्र न तपासता आत घेतलास, आणि रात्रभर रडवलं ते त्यानेच.

आधी आपला रोजचा शब्द घे: आस्तिक. आज आपण तो 'देव मानणारा' या अर्थाने वापरतो. पाणिनीच्या सूत्रात फक्त एवढंच आहे, की ज्याची मती 'अस्ति' अशी, तो आस्तिक. 'आहे' म्हणजे काय आहे? पाणिनीवरची जुनी टीका काशिकावृत्ती उत्तर देते: परलोक आहे, असं ज्याला वाटतं तो. देवाचं तिथे नावही नाही. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. तिथेही देवाला नाकारण्याचा संबंध नाही. म्हणजे शब्द तोच राहिला आणि त्यातला प्रश्न दोनदा बदलला. आता एका शब्दात सगळंच कोंबलं गेल्यामुळे आपल्याला वाटतं, की एक गेलं की सगळंच गेलं.

कठोपनिषदातला नचिकेता तुला माहीत आहे. तिसऱ्या वरात तो यमाला विचारतो, की माणूस मेल्यावर काही म्हणतात तो आहे, काही म्हणतात नाही, खरं काय? त्यावर यमाचं पहिलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, याविषयी पूर्वी देवांनाही शंका होती. लक्षात घे, समोर साक्षात मृत्यूचा देव उभा आहे, देव आहेत यात कुणालाच संशय नाही, आणि तरीही मरणानंतरचा प्रश्न उघडाच आहे. देव असले म्हणून तो आपोआप सुटत नाही.

उलट बाजूने बघ. जैन दर्शन जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही, पण जीव आणि त्याचे जन्मोजन्मीचे फेरे पूर्ण गांभीर्याने मानतं. बौद्ध विचारात देव आहेत, पण तेही मरतात आणि कर्माप्रमाणे पुन्हा जन्म घेतात. नियम त्यांनाही लागू. सगळ्यांत आश्चर्य वाटतं ते मीमांसकांचं. यज्ञ आणि स्वर्ग यांचं सर्वांत काटेकोर शास्त्र त्यांनी रचलं, आणि त्यांच्यातलाच कुमारिल भट्ट विचारतो, की ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, तर तेव्हा करुणा करायला होतं कोण? जीव तर अजून जन्मलेच नव्हते! त्याच्या मते यज्ञाचं फळ 'अपूर्व' नावाच्या अदृश्य शक्तीने मिळतं. ते देणारा कुणी लागत नाही. स्वर्ग आहे, आत्मा नित्य आहे, आणि निर्माता मात्र नाही. तुझ्या त्या रात्रीच्या 'तर'ला याहून सरळ उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

आणि देव मानून परलोक नाकारणारे? ग्रीसमधला एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) म्हणायचा, देव आहेत, सुखात आहेत, आपल्या भानगडीत पडत नाहीत; आणि आत्मा अणूंचा बनलेला असल्यामुळे देहाबरोबर विखुरतो. येशूच्या काळातले सदूकी, म्हणजे ज्यूंमधला एक पंथ, देवाचं मंदिर सांभाळत आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान नाकारत.

मग हे दोन प्रश्न इतके घट्ट बांधले गेले कसे? इथे थोडं थांबून बोलते, कारण गाठ कुठे आहे ते दिसलं की ती सोडवता येते. प्राचीन हिब्रू माणसाचा, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांचा, देव प्रबळ होता, पण मेलेल्यांसाठी होतं ते शेओल, एक निस्तेज अंधारी जागा, जिथे चांगले-वाईट सगळेच जात. देवाचं बक्षीस इथेच मिळायचं: दीर्घायुष्य, मुलंबाळं, भरलेलं शेत. शतकानुशतकं हे पुरलं. मग इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटायओकस या राजाने त्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली, आणि जे देवाशी प्रामाणिक राहिले तेच, त्या प्रामाणिकपणापायी, मारले गेले. आता हिशेब इथे जुळेना. त्याच काळातल्या, बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथात मग स्पष्ट शब्दांत येतं, की मातीत निजलेल्यांपैकी अनेक जण उठतील, काही चिरंतन जीवनासाठी, काही चिरंतन लाजेसाठी.

देवाला परलोकाशी बांधणारी गाठ न्यायाची आहे, असं मला वाटतं. देव न्यायी आहे आणि जगात अन्याय होतो. दोन्ही खरं मानायचं तर आणखी एक जग लागतं. प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्याचं हृदय 'मात' या सत्य-न्यायाच्या देवीच्या पिसासमोर तोललं जाई, आणि ओसायरिस हा देव न्यायाधीश. कर्मसिद्धान्त तोच हिशेब न्यायाधीशाशिवाय पुरा करतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८८ मध्ये देव आणि अमरत्व या दोन्ही गोष्टी नीतीसाठी गृहीत धरल्या, पण त्यानेही त्या दोन वेगळ्या गृहीतकांच्या रूपात मांडल्या.

आता तुझं रडणं. त्यात न्यायाचा प्रश्न नव्हता. आजीचा हिशेब चुकता व्हावा म्हणून तू रडली नाहीस. ती तुला हवी होती म्हणून रडलीस. हे मूळच वेगळं आहे. २००४ मध्ये बेरिंग आणि ब्योर्कलुंड या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना बाहुल्यांच्या खेळात एक उंदीर मगरीने गिळलेला दाखवला. त्याला आता खायची गरज पडेल का, असं विचारलं की बरीच मुलं नाही म्हणत. पण त्याचं आईवर अजून प्रेम आहे का, असं विचारलं की हो म्हणणारी पुष्कळ निघत. शरीर थांबलं हे मुलांना कळतं, प्रेम थांबलं हे मनात उमटत नाही. आणि शिकार-संकलनावर जगणाऱ्या ३३ समाजांचा २०१६ मध्ये जो तौलनिक अभ्यास झाला, त्यातही मरणोत्तर जीवनावरची श्रद्धा जुनी निघाली, आणि माणसांच्या व्यवहारात लक्ष घालणारा थोर देव तिच्यापासून बराच सुटा. तुझ्या मनातही त्या दोन खोल्या वेगळ्याच असाव्यात. मधलं दार उघडं होतं, इतकंच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर ती फसवणूक होईल. प्रश्न वेगळे झाले म्हणून दुसऱ्याचं उत्तर 'हो' होत नाही. चार्वाकाने दोन्हींना 'नाही' म्हटलं, आणि तोही सुसंगत होता. आजी आहे की नाही, हे तुला स्वतंत्रपणे, तिच्या प्रश्नाच्या बाजूने विचारावं लागेल: जाणीव म्हणजे काय, ती मेंदूशिवाय टिकेल का, टिकली तर ती 'आजी' असेल का. वर्षभर केलेला देवाचा अभ्यास तिथे फारसा कामाला येणार नाही.

माझं विचारशील, तर मी देव मानते, आणि मरणानंतर आपण उरतो असं मला वाटत नाही. वडील गेले तेव्हा बरेच दिवस मी त्यांची कुठेतरी कल्पना करून पाहिली. जमलं नाही. प्रार्थना मात्र सुटली नाही; उलट तिच्यातली मागणी गेली. बसऱ्याच्या राबिया या सूफी संत स्त्रीच्या नावाने एक प्रार्थना सांगितली जाते: नरकाच्या भीतीने तुझी भक्ती केली तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने केली तर स्वर्गातून हाकल. आपले तुकोबा तर मुक्तीही नको म्हणतात, खुशाल गर्भवासात घाल म्हणतात. फक्त तुझा विसर पडू देऊ नकोस. तुकोबांची पुनर्जन्मावर श्रद्धा होती, माझी नाही. पण देवाकडे परलोक न मागता त्याच्यापाशी बसता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. तू माझ्या अगदी उलट जागी पोचू शकतेस, देव नाही पण आजी आहे अशा. तिथेही चांगली, विचारी माणसं बसलेली आहेत.

आईबद्दल विचारलं आहेस. 'आजी बघत असेल ना?' असं ती म्हणते तेव्हा तुझ्या घशात काहीतरी अडकतं, हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही. त्या क्षणी ती तुझं मत विचारत नाहीये. तिला तिची आई आठवते आहे. 'मलाही तिची फार आठवण येते' हे तुला खोटं न बोलता म्हणता येईल. मत तिने सरळ विचारलं, तर सरळ सांग.

आणि पुढच्या पत्रात आजीबद्दल लिही. इतकी पानं लिहिलीस, पण त्यात तिचं एकही वाक्य नाही. ती कशी बोलायची, कशावर चिडायची, तुला काय म्हणून हाक मारायची, ते मला वाचायचंय.

तुझी,
बाई