पावसाचं पाणी जुन्या गाडीत शिरतं, सिलिकॉन भरूनही थांबत नाही. गळती शोधायची कशी?

तुमची अडचण थोडक्यात अशी: १४ वर्षं जुनी हॅचबॅक, जोराचा पाऊस झाला की ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पायाशी पाणी साचतं, सकाळी काचा आतून धुरकट झालेल्या असतात, कुबट वास येतो. पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन भरून घेतलंत, तरी पाणी येतंच आहे.

तिसऱ्यांदा भरू नका. थेंब आत शिरताना डोळ्यांना दिसेपर्यंत कशालाही काहीही लावायचं नाही, एवढा एक नियम पाळा. गाडी पाणी पूर्ण अडवून धरेल अशी बनवलेलीच नसते. ठरलेल्या जागी पाणी घ्यायचं आणि ठरलेल्या वाटेनं बाहेर सोडायचं, अशी तिची रचना असते. काचेच्या कडेनं दारात पाणी उतरतं, ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पुढच्या काचेवरून ओघळणारं पाणी वायपरखालच्या पन्हाळीत जातं आणि तिथून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. जुन्या गाडीत बहुतेक वेळा नवं भोक पडलेलं नसतं, जुनी वाट बुजलेली असते. अशा वेळी वरून सिलिकॉन थापलं तर उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते.

आधी पाणी कोणतं आहे ते ठरवा. पांढरा टिश्यू पेपर ओल्या कार्पेटवर दाबून उचला. त्यावर हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी छटा आली, बोटांना बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची कॉइल किंवा तिचा पाईप गळतोय. अशा वेळी काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. कूलंट विषारी असतं, लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्यापासून लांब ठेवा. हे काम वेगळंच आहे, पावसाशी त्याचा संबंध नाही.

पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल आणि कोरड्या दिवशीही एसी चालवल्यावर येत असेल, तर कूलिंग कॉइलखालच्या ट्रेचा ड्रेन तुंबलाय. दमट हवेत एसी १५ मिनिटं चालू ठेवून गाडीखाली बघा. थेंब टपकत नसतील तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) खाली आलेली रबरी नळी शोधा, हातानं दाबून मोकळी करा, लागलं तर मऊ प्लास्टिकची दोरी थोडी आत घाला. टोकदार तार खुपसू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो आणि छोटं काम मोठं होऊन बसतं. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

पाणी मातकट असेल, त्यात पानांचा चुरा असेल, पाऊस पडल्यावरच येत असेल, तर ते बाहेरचं. तुमचं वर्णन याच बाजूला झुकतं. तरी एसीची परीक्षा करून टाका. दोन्ही गळत्या एकाच जागी पाणी आणतात, आणि एकाच गाडीत दोन्ही असू शकतात.

आता कार्पेट उचलायचं. हे टाळून शोध लागत नाही. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी त्याखाली २ ते ४ सेंटिमीटर जाडीचा फोम असतो आणि तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. काचांवरची वाफ आणि वास त्यातूनच येतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, १० मिनिटं थांबा, मग सीटचे बोल्ट काढा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. बॅटरी जोडलेली असताना त्यांना हात लावायचा नाही. दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी आणि पायाशेजारचं साइड पॅनल क्लिपांवर बसलेलं असतं, प्लास्टिकच्या पट्टीनं हळूच उचकटा. कार्पेट आणि फोम मागे दुमडून खालचा पत्रा उघडा करा.

पत्रा पुसून पूर्ण कोरडा करा. मग त्यावर, फायरवॉलच्या उतारावर आणि बाजूच्या खांबाच्या पत्र्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवा. या साध्या पावडरीइतकं कामाचं दुसरं साधन मला माहीत नाही. पाणी आलं की पांढऱ्यावर करडी, बारीक रेघ उमटते आणि तिच्या टोकाशी थेंब लोंबत असतो. त्या रेघेच्या मागे मागे वर जायचं. पाणी साचतं ती जागा सगळ्यात खोलगट असते, एवढाच तिचा अर्थ. पाणी शिरतं कुठून ते ती जागा सांगत नाही. गाडी उतारावर नाक वर करून उभी असेल तर पुढून शिरलेलं पाणी मागच्या सीटच्या पायाशी सापडतं, म्हणून चाचणी करताना गाडी नेहमी उभी राहते तशाच उतारावर उभी करा.

चाचणीला दोन माणसं हवीत. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाण्याचा पाईप घेऊन. पाईपला नोझल नको, धार मंद हवी. प्रेशर वॉशर तर नकोच, कारण तो चांगल्या रबराखालूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. सुरुवात खालून करायची: आधी दाराचा तळ, मग दाराच्या काचेची खालची कड, मग वायपरखालची पन्हाळ, मग पुढची काच तळापासून वर, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी ५ मिनिटं. आधीच छपरावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठल्या जागेनं दगा दिला ते कळतच नाही. घाई केली तरी फसायला होतं. काही गळत्यांत आधी एखादा कोपरा भरावा लागतो आणि मगच थेंब पडतो.

तुमच्या वर्णनावरून मी पहिलं बोट काचेवर नाही, वायपरखालच्या पन्हाळीवर ठेवेन. मेकॅनिक तिला काऊल म्हणतात. केबिनमध्ये ताजी हवा खेचणारं तोंड याच पन्हाळीत असतं, भोवती दोन-चार सेंटिमीटरची कड उभी केलेली असते. पानं, माती, झाडाची फुलं साचून कोपऱ्यातला ड्रेन बुजला की पन्हाळीत तळं होतं. पाणी त्या कडेवरून चढलं की सरळ ब्लोअरमध्ये आणि तिथून शेजारच्या सीटच्या पायाशी. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर त्याच बाजूला असतो. म्हणूनच हलक्या सरीत काही होत नाही आणि जोराच्या पावसात मात्र डबकं होतं. पुरावा सोपा आहे. केबिनचा एअर फिल्टर काढून बघा. तो ओला असेल, त्यावर मातीचे वाळलेले डाग असतील किंवा वळणावर डॅशबोर्डमधून पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल, तर वाट हीच.

वायपरचे हात काढा, प्लास्टिकची जाळी काढा, हातानं सगळा गाळ बाहेर काढा. पाण्यानं खाली ढकलू नका, तो ड्रेनमध्येच जाऊन बसतो. मग कोपऱ्यात २ लिटर पाणी सावकाश ओता. ते लगेच चाकामागून भडाभडा पडलं पाहिजे. नुसतं झिरपत असेल तर ड्रेनचं खालचं तोंड बघा. काही गाड्यांत तिथे चोचीसारखं रबर असतं, त्याचे ओठ चिखलानं चिकटतात. काहींत पाणी मडगार्डच्या आत पडतं, तिथे चाकाच्या प्लास्टिक लायनरमागे चिखलाचा गोळा साचून राहतो. तो गोळा वर्षानुवर्षं ओला राहिला तर पत्रा आतून कुजवतो, म्हणून लायनर काढलंच आहे तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं तो भाग ठोकून बघा. आवाज भसका आला तर गंज आहे. पन्हाळीतल्या पत्र्याच्या जोडांवर भरलेला सीलर भेगाळला असेल तर जुना खरवडून, गंज काढून, प्रायमर मारून नवा सीम सीलर भरायचा. हवेच्या तोंडाभोवतीचा फोम गॅस्केट चुरगळला असेल तर पाणी न शोषणाऱ्या, बंद छिद्रांच्या फोमचा नवा बसवा. साधा स्पंज इथे चालत नाही.

पन्हाळ निर्दोष निघाली तर दुसरा संशय दारावर. दाराचा पॅड काढल्यावर पत्र्यावर प्लास्टिकची शीट चिकटवलेली दिसते. दारात उतरलेलं पाणी केबिनकडे येऊ नये म्हणून ती असते. कधीतरी स्पीकर बदलला, काचेचं मशीन दुरुस्त केलं, तेव्हा ही शीट ओरबाडून काढली जाते आणि परत नीट चिकटवली जात नाही. मग पाणी पॅडच्या मागून उंबरठ्याच्या रबराच्या आतल्या बाजूला पडतं आणि कार्पेटखाली जातं. पॅडच्या तळाशी पाण्याचे वाळलेले डाग किंवा फुगलेला पुठ्ठा दिसला की समजायचं. फाटलेली शीट बदला, जुना चिकट पदार्थ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या ब्युटाइलच्या (चिकट, मऊ रबराच्या) दोरीनं नवी शीट सलग चिकटवा. शीटची खालची कड पत्र्यातल्या खाचेत आत गेली पाहिजे, म्हणजे पाणी परत दारातच पडतं. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. दोन्ही बाजूंनी चिकटणारी साधी टेप ओलीत टिकत नाही. काही गाड्यांत दाराच्या आत हवेचा दाब मोजणारा एअरबॅगचा सेन्सर असतो, तिथे ही शीट नीट बसणं सुरक्षिततेसाठीही लागतं. दाराच्या तळाची भोकंही मोकळी करा. अंडरकोटिंग करताना ती बुजवली गेलेली सापडतात.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. जिथे ती सहज निसटते तिथे रबर दबून चपटं झालंय किंवा दार खाली झुकलंय. वयानं दाराच्या बिजागऱ्या सैल होतात, अशा वेळी नवं रबर घालूनही वरचा कोपरा मोकळाच राहतो.

आता काच. तिच्यावर संशय असेल तर सगळे दरवाजे, खिडक्या बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगात चालवा आणि बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावा. आतली हवा फटीतून निघते आणि बुडबुडे धरतात. या चाचणीसाठी बॅटरी लागते, म्हणून ती सीट काढण्याआधी उरका. बुडबुडे आले नाहीत म्हणून काच निर्दोष ठरत नाही, पण आले तर जागा पक्की. चिकटवलेल्या काचेला खरा उपाय एकच: काच काढणं, चौकटीवरचा गंज घालवणं, प्रायमर आणि युरेथेनची (काच चिकटवायच्या पदार्थाची) सलग पट्टी. हे काम काच बसवणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण अपघातात ती काच जागेवर राहणं आणि एअरबॅगला आधार देणं त्या चिकटवणीवर अवलंबून असतं. तिथे भरलेलं सिलिकॉन आधी पूर्ण खरवडावं लागेल, कारण त्यावर युरेथेन आणि रंग दोन्ही धरत नाहीत. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर उघड्या पत्र्याला गंजही लावतं.

सनरूफ असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि ते गाडीखाली कुठे पडतं बघा. पुढच्या नळ्या पुढच्या खांबांतून उतरतात. २ ते ३ मिलिमीटरची नायलॉन दोरी घालून मोकळ्या करा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग गळती कायमची होते. बाकी राहिलेल्या जागा झटपट बघून घ्या: फायरवॉलमधून वायरी जातात तिथली भोकं बंद करणारे रबरी ग्रोमेट, अँटेनाचा पाया, टेललाइटचे गॅस्केट, मागच्या बंपरआड हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा, आणि फरशीच्या पत्र्यातली रबरी बुचं. पावसात उभी असताना नाही, फक्त ओल्या रस्त्यावर चालवल्यावर पाणी येत असेल तर संशय याच बुचांवर. मागच्या काचेच्या वॉशरची नळीही बघा, ती छपराच्या आतून जाते आणि डिकीच्या दाराजवळ दुमडून फुटते.

साचलेलं पाणी जावं म्हणून फरशीला भोक पाडू नका. रस्त्यावरचं पाणी त्याच भोकातून वर येतं.

वाट सापडली, दुरुस्ती झाली, की त्याच जागी १० मिनिटं पाणी सोडा. पावडर कोरडी राहिली पाहिजे. फोम शक्यतो बाहेर काढून उभा करून वाळवा, पंख्यासमोरही दोन-चार दिवस लागतात. तोवर उघड्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि एक खरा, जोराचा पाऊस त्यावर जाऊ द्या. दरम्यान सीटखालचे आणि पायाशेजारचे कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रशनं साफ करा, जास्त खाल्लेली पिन बदला. पिवळे कनेक्टर मात्र साफ करत बसू नका, फक्त नीट बसवा, आणि सीटचे सगळे कनेक्टर जोडून झाल्यावरच बॅटरी जोडा. आधी बॅटरी जोडून चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय सहसा विझत नाही.