लेक बर्फात, आई मुलुंडला

ताई,
माझी मुलगी पंचवीस वर्षांची, एकुलती एक. गेल्या ऑगस्टमध्ये कॅनडात ऑटावाला शिकायला गेली. इथे होती तेव्हा पावसात जरा भिजली की शिंकायला लागायची. आता उणे अठरात गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करते, सुट्टीच्या दिवशी बर्फातल्या जंगलात जाते. जानेवारीत पडली, मनगट मुरगळलं. मला ते तीन आठवड्यांनी तिच्या मैत्रिणीच्या स्टेटसवरून कळलं. मी फोनवर बोलून गेले, "कर्ज काढून शिकायला पाठवलं की बर्फात नाचायला?" तेव्हापासून बोलणं दोन मिनिटांवर आलंय. जेवलीस का, जेवले, बरी आहेस ना, बरी आहे. हे म्हणतात, मोठी झाली, सोड आता. मी रात्री दोनला उठून तिचं लास्ट सीन बघते. माझं माहेर कराडकडचं, लग्नानंतर मुलुंडला आले. बर्फ मी फ्रीजरमधलाच पाहिलाय. तिला थांबवू कशी?
– एक आई, मुलुंड

ताई,

तिला थांबवू नका. आणि तुम्ही काळजी करू नका असंही मी म्हणणार नाही, कारण तसं कुणी सांगितल्याने काळजी जात नाही, फक्त ती बोलून दाखवायची चोरी होते.

तुमचं पत्र वाचताना मी "बर्फ मी फ्रीजरमधलाच पाहिलाय" या वाक्यापाशी थांबले. मला वाटतं, खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे आईची निम्मी विद्या हवामानाची असते. ओल्या केसांनी झोपू नको. उन्हातून आल्याआल्या गार पाणी पिऊ नको. लोकल बंद पडल्या तर पाण्यातून चालत येऊ नको, दादरला मावशीकडे थांब. पंचवीस वर्षं ही विद्या उपयोगी पडली आणि मग पोर अशा गावी गेली जिथे तिच्यातलं काहीच चालत नाही. साधं कपड्यांचं बघा. "अंगाला सुतीच घाल" हे आपण किती ठामपणे सांगत आलो! तिथल्या थंडीत अंगालगत सुती घालायचं नसतं. ते घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा, अशी तिथली रीत. आपण जे जन्मभर सांगितलं ते तिथे उलटं पडतं, हे आईला सोसायला जड जातं. भीतीच्या जोडीने हेही तुम्हाला रात्री दोनला उठवतंय.

तर आता ती विद्या तिच्याकडून शिका. सुरुवात मी करून देते.

ती ज्यावर स्केटिंग करते तो बहुधा रिडो कालवा. शहराच्या मधून जाणारा ७.८ किलोमीटरचा पट्टा, १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून स्केटिंगसाठी खुला. काही माणसं त्यावरून कामालाही जातात. पण पाणी गोठलं आणि लोक उतरले, असं तिथे होत नाही. थंडीआधी कालव्याचं पाणी उतरवतात. मग बर्फाला भोकं पाडून जाडी तपासतात आणि साधारण ३० सेंटिमीटर चांगला बर्फ धरल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देत नाहीत. हिरवा झेंडा असला तर चालू, लाल असला तर बंद. २०२२-२३ चा हिवाळा उबदार गेला, तेव्हा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अख्खा मोसम त्यांनी तो उघडला नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आपल्या जुहूला लाल झेंडा लागलेला असताना त्याच्या पुढे जाणारी पोरं मी पाहिली आहेत, म्हणून असेल.

धोका नाही असं नाही. जिथे कुणी जाडी मोजत नाही अशा तळ्यावर आणि नदीवर तो आहे. मार्चमध्ये तो वाढतो, कारण वरून सगळं पांढरंच दिसतं आणि बर्फ आतून ठिसूळ झालेला असतो. बोचऱ्या वाऱ्याचाही धोका आहे. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि नाक, कान, बोटं आधी जातात. मनगटाचं म्हणाल, तर नव्याने स्केटिंग शिकणारा पडताना हात टेकतो आणि मार मनगटावर येतो. त्यासाठी मनगटाचे पट्टे मिळतात, डोक्याला हेल्मेट. नाचण्याबद्दल ऐकवण्यापेक्षा त्या पट्ट्यांचे पैसे पाठवले असतेत, तर पुढच्या वेळी पडल्याचं तिने आधी तुम्हालाच सांगितलं असतं. रागावू नका, मी तुमच्याच बाजूने बोलतेय.

ती बाहेर का जाते, याचाही विचार करा. डिसेंबरात ऑटावात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. नव्या गावात, भाड्याच्या खोलीत, पाच वाजता खिडकीबाहेर काळोख आणि आत लॅपटॉप. या अंधाराने माणसं खरोखर आजारी पडतात, डॉक्टर त्याला ऋतूनुसार येणारं नैराश्य म्हणतात, आणि दिवसाउजेडी घराबाहेर पडणं हा त्यावरचा एक उपाय आहे. शिवाय परक्या देशात कुणाच्या घरी जायला आमंत्रण लागतं, बर्फावर लागत नाही. तुम्ही पडलात की शेजारचा अनोळखी माणूस हात देतो, त्यातून ओळख होते. नदीपलीकडे क्वेबेकच्या बाजूला गॅटिनो पार्क आहे, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या तिपटीहून मोठं, ३६१ चौरस किलोमीटर. तुमची लेक म्हणते ते जंगल बहुधा हेच. तिथे बर्फात चालायच्या आणि स्कीइंगच्या वाटा आखलेल्या आहेत, खुणा केलेल्या आहेत. तुमची मुलगी मजा मारत नाहीये असं मी म्हणणार नाही, मारतेच आहे, मारू दे. पण त्या मजेतूनच ती तिथे रुजतेय.

माझ्या आईचं सांगते. मी कॉलेजात असताना श्रावणात राजमाचीला जायचे, कर्जतहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून वर. आई कोकणातली, गिरगावात दोन खोल्यांत संसार. डोंगर चढणं तिला पटत नव्हतं. पण मी परत आले की ती "कशाला गेलीस" असं विचारायची नाही. विचारायची, "वहाळ किती वर होता? गुडघ्याला की मांडीला?" वहाळाचं पाणी तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मांडीला लागलं की उतरायचं नाही, काठावर बसून राहायचं, पाऊस थांबला की पाणी ओसरतं, हे तिने मला शिकवलं. एकदा मी खरंच अडीच तास काठावर बसले आणि शेवटची लोकल चुकली. रात्रभर ती गॅलरीत उभी होती. सकाळी घरात शिरताच मी तिला सगळं सांगितलं, पाय घसरला होता तेही. लपवावंसं वाटलं नाही, कारण तिला त्या पाण्यातलं कळत होतं.

तुम्हाला तिथल्या बर्फातलं कळत नाही, पण विचारता येईल. आधी मात्र त्या वाक्याची माफी मागा. फोनवर नको, तिथे ती "अगं जाऊ दे" म्हणून विषय बदलेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवा, एवढंच: "कर्जाचं मी बोलायला नको होतं. तू पडलीस हे मला दुसरीकडून कळलं म्हणून मला लागलं होतं." पुढे 'पण' जोडू नका. काही दिवस जाऊ द्या. मग एकदाच, आईच्या हक्काने, दोन गोष्टी मागा: खोलीतल्या मैत्रिणीचा नंबर, आणि जंगलात जाताना कुणाला तरी सांगून जाण्याचा शब्द. तुम्हालाच सांगितलं पाहिजे असं नाही, तिथल्या कुणाला तरी. त्यानंतर रात्रीचं लास्ट सीन बघणं सोडा, त्यातून काही कळत नाही.

रोजच्या फोनवर "जेवलीस का" ऐवजी "आज झेंडा कुठला होता?" विचारा. "आत काय घातलं होतंस?" विचारा. बघा किती बोलते ते.

आणि आता मार्च लागतोय, तर एका गोष्टीत तुम्ही तिच्यापेक्षा जाणत्या आहात. या दिवसांत तिथे रात्री गोठवणारी थंडी आणि दुपारी शून्याच्या वर, असं सुरू झालं की मेपलच्या झाडांना रस सुटतो. झाडाला छोटं भोक पाडून तो गोळा करतात आणि आटवत बसतात. साधारण ४० लिटर रसाचा १ लिटर पाक होतो. लोक सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तो सोहळा बघायला रानात जातात. उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीवर गुंडाळून खातात. ताई, हे गुऱ्हाळच की! काहील, चुलवाण, वर येणारी मळी, पळीवरून पडणारी तार बघणारा गुळव्या, हे तुम्ही कराडकडे लहानपणी पाहिलं असणार. तिला सांगा, तुम्ही गरम काकवी कशावर घेऊन खात होतात. आणि म्हणा, तू जाऊन ये, रस आटताना वास कसा येतो ते मला सांग.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. तुमचा रात्री साडेआठचा फोन तिला आतापर्यंत सकाळी दहाला लागायचा, तो अकराला लागेल. सुट्टीच्या दिवशी तोवर ती बाहेर पडलेली असेल. म्हणून शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसातलाच लावा.