अलास्काची क्रूझटूर: जमिनीवरच्या जेवणाचा हिशेब

क्रूझटूर म्हणजे जहाजाचा प्रवास आणि त्याला जोडलेली जमिनीवरची सहल. जहाजावर जेवण तिकिटातच असतं, म्हणून जमिनीवरच्या दिवसांचा खर्च पटकन ध्यानात येत नाही. बहुतेक टूरमध्ये लॉजमधलं जेवण धरलेलं नसतं, तेव्हा आधी कागदपत्रं नीट वाचा.

देनाली राष्ट्रीय उद्यानाजवळ खिशाला खरी कात्री लागते. लॉज आडबाजूला, आसपास पर्याय मोजके, वर १५ ते २० टक्के टिप. मेनूत २५ डॉलर दिसले तर ३० धरून चाला.

म्हणूनच देनालीच्या आधी फेअरबँक्स शहर लागत असेल तर तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये एक फेरी माराच. टूर उलट दिशेने असेल तर अँकरेज शहरात. ब्रेड, चीज, सफरचंदं, सुकामेवा, ओट्सची पाकिटं. खोलीत कॉफीमेकर असेल तर त्याच्या गरम पाण्यात ओट्स छान होतात आणि नाश्त्याचा खर्च सुटतो. फ्रिज आहे का, ते मात्र लॉजला आधीच विचारा. वाचलेल्या पैशांत एका रात्री ताजा सॅमन मासा निवांत बसून खा, तिथे काटकसर नको.

देनाली उद्यानात ट्रान्झिट बसने (उद्यानाची साधी, गाइड नसलेली बस) जाणार असाल तर डबा आणि भरपूर पाणी सोबत हवंच. बसमध्ये खायला काही मिळत नाही, आणि फेरी तासन्‌तास चालते.