वडिलांची पुस्तके आणि कोकणातला पाऊस

प्रश्न : माझे वडील शिक्षक होते. त्यांनी जमवलेली सुमारे सहाशे पुस्तके आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आमच्या गावच्या घरी आहेत. दर पावसाळ्यात त्यांवर बुरशी येते, काहींना कसर लागली आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. मी शहरात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहते, त्यामुळे सगळे आणणे शक्य नाही आणि आईला एकही पुस्तक देणे मान्य नाही. काय ठेवावे आणि कसे जपावे?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : निवडीचे काम सावकाश करता येईल, पण कसर तोवर थांबणार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. कसरीला बांधणीतल्या खळीची आणि कागदावरच्या पिष्टाची ओढ असते, त्यामुळे ती पानाचा पृष्ठभाग खरवडते आणि पुठ्ठ्याच्या कडा कुरतडते. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोके दिसली, तर ते काम बहुधा भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे समजावे. दोन्हींवर घरगुती उपाय एकच आहे. कोरडे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून तोंड घट्ट बंद करावे आणि उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गार कागदावर हवेतले बाष्प धरते.

डांबराच्या गोळ्या मात्र काढून टाकाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांची वाफ घरातल्या माणसांच्या श्वासात जाते आणि मूळ दुखणे, म्हणजे ओल, तशीच राहते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि कोकणात पावसाचे चारही महिने ती बहुतेक वेळ याहून बरीच अधिक असते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवावे, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच असावा आणि पुस्तके इतकी ठासून भरू नयेत की हवा खेळणार नाही. वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. त्याने किडे काहीसे दूर राहतात, पण लागलेली कीड जात नाही.

दसऱ्याला आपण सरस्वतीपूजनासाठी पुस्तके काढतो, तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. त्याच दिवसांत सगळे कपाट रिकामे करावे, नाकातोंडाला रुमाल बांधून अंगणात मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटकावी (ओल्या फडक्याने कधीही पुसू नये) आणि पुस्तके उन्हात न ठेवता वाऱ्याच्या सावलीत उभी उघडून ठेवावीत, कारण कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक श्लोक लिहीत असत. त्यात पोथी स्वतःच विनवते की, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून माझे रक्षण करा आणि मला मूर्खाच्या हाती देऊ नका. या यादीत मी बंद कपाटाची भर घालीन. माझ्याकडील दिवाळी अंकांचा एक गठ्ठा मी फार जपायचा म्हणून माळ्यावर बांधून ठेवला होता. दोन पावसाळ्यांनंतर सोडला तेव्हा पानापासून पान सुटेना. हाताळणीतल्या पुस्तकाची ओल वेळीच लक्षात येते.

सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. वर्तमानपत्राची वेष्टणेही काढावीत. त्या कागदातले आम्ल पुठ्ठ्यात शिरते.

आता निवड. ज्या पुस्तकांच्या समासात वडिलांच्या हातच्या नोंदी आहेत, ती सर्वप्रथम आपल्याकडे आणावीत, मग ते साधे क्रमिक पुस्तक का असेना, कारण तशी प्रत दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झाली, पण हे अंक बहुधा स्वस्त कागदावर छापले गेल्याने लवकर जीर्ण होतात, त्यामुळे सलग वर्षांचे अंक असतील, तर ते सुटे करू नयेत आणि रद्दीत तर मुळीच घालू नयेत. ग्रंथालयाला काही देण्यापूर्वी यादी पाठवून विचारावे. जवळच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या वर्गवारीतल्या सर्वांत लहान, वाचनालयात कादंबऱ्या आणि बालसाहित्य आनंदाने घेतले जाईल. स्थानिक इतिहासाची दुर्मीळ पुस्तके मात्र संशोधन करणाऱ्या संस्थेकडे जावीत. आईंशी बोलताना ‘काय द्यायचे’ असे न विचारता ‘बाबांनी कोणते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले’ असे विचारून पाहावे. त्यांच्या आठवणींतूनच निवड बरीचशी होईल.

प्रश्न : नातेवाईक पुस्तके नेतात आणि परत करत नाहीत. नाही म्हणणे जमत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही म्हणू नये. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्यावा, एक वही कपाटापाशीच ठेवावी आणि नेणाऱ्यानेच त्याच्या अक्षरात नाव व तारीख लिहावी. स्वतः लिहिलेली नोंद माणूस सहसा विसरत नाही. महिन्याभराने पुस्तक मागण्याऐवजी ते कसे वाटले, असे विचारावे. वाचले नसेल, तर बहुतेकदा ते त्याच आठवड्यात परत येते.