मुलाला बी.कॉम.ला घालू की आयटीआयला?

ताई, मुलाची बारावी कॉमर्समधून झाली, त्याचा ओढा वायरिंग-मोटारींकडे आणि घरचे म्हणतात आधी डिग्री घे, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यात डिचोलीला एसी-फ्रिज दुरुस्तीची कामं घेतो. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकणारच, ते धरून वाचा.

तुम्ही सत्तरी तालुक्यातल्या, म्हणजे धंदा बसला की गावाचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये आपल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये परत बंद. त्यात पदवीवाले तरले आणि कारागीर बुडाले किंवा उलट, असं काही झालं नाही. खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवणं हेसुद्धा कसबच, पण तो खनिजावरच चालायचा. कर्जाचे हप्ते चालू आणि गाडी दारात उभी. खाणीच्या ऑफिसातला बी.कॉम.ही तसाच घरी बसला. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांना मात्र वेर्ण्याची औद्योगिक वसाहत होती, कुंडईची होती, आखात होतं. म्हणून कागद की कसब यापेक्षा, हे काम विकत घेणारे किती ठिकाणी आहेत, एवढं आधी बघा.

आमचंच घ्या. कांदोळी-कळंगुटकडे खारा वारा एसीच्या बाहेरच्या युनिटला खातो. कॉइलच्या पात्यांना बोट लावलं की भुगा हातात येतो. कच्चा मेकॅनिक गॅस भरून पैसे घेऊन जातो, आणि पंधरा दिवसांत थंडावा गायब. पक्का माणूस नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, जोड मारतो, व्हॅक्यूम काढतो आणि गॅस वजनावर भरतो. आता आर-३२ गॅस आलाय, तो पेट घेऊ शकतो, तेव्हा अंदाजपंचे काम चालत नाही. २०२० मध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा आम्हालाही झळ बसली, पण घरांतले फ्रिज आणि औषध कारखान्यांचे एसी प्लांट कुठे थांबले होते?

डिग्री फुकट आहे असं मी म्हणणार नाही. त्याच औषध कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला जागा असते, मला नाही. मुलगा टॅली आणि जीएसटीत खरोखर रमत असेल तर बी.कॉम. उत्तम. नुसतं 'ग्रॅज्युएट' म्हणायला आणि सरकारी भरतीची वाट बघायला तीन वर्षं घालवणं मला पटत नाही. (घरच्यांना खरी काळजी लग्नाची असते, हेही मला माहीत आहे.)

आयटीआयत इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एसी, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत. नंतर कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते, तिला स्टायपेंड मिळतो. इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही असते. बी.कॉम. हवंच असेल तर इग्नूतून सोबत करू दे.

फॉर्म भरायच्या आधी एक करा: ओळखीच्या मिस्त्रीबरोबर त्याला महिनाभर पाठवा. पत्र्यावर उन्हात युनिट उतरवताना तो कंटाळला, तर मग बी.कॉम.च बरं.