फुलदाणीच्या तळाची खूण किती विश्वसनीय?

प्रश्न : आमच्याकडील आकाशी-निळ्या फ्रेंच फुलदाणीच्या तळाशी एकमेकांत गुंफलेली दोन रोमन ‘एल’ अक्षरे असून त्यांच्या मध्ये ‘ई’ आहे. ती अठराव्या शतकातील सेव्र या फ्रेंच पोर्सेलीन कारखान्याची असेल काय?

उत्तर : गुंफलेले ‘एल’ हे फ्रान्सच्या राजाचे चिन्ह होय, मधले अक्षर वर्ष सांगते. १७५३ साठी ‘ए’, म्हणून ‘ई’ म्हणजे १७५७. मात्र एकोणिसाव्या शतकात इतर कारखान्यांनीही ही खूण सर्रास वापरली, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये.

खरा पुरावा मातीत असतो. फ्रान्समधील लिमोजजवळ केओलिन, म्हणजे कठीण पोर्सेलीनसाठी लागणारी पांढरी माती, १७६८ च्या सुमारास सापडले. तोपर्यंत सेव्रमध्ये केओलिनविरहित, मऊ पोर्सेलीनच घडत असे आणि त्याची शिशाची झिलई कमी तापमानाला वितळत असल्याने वर रंगवलेली फुले व पक्षी तिच्यात मुरून ओलसर, खोल दिसतात. या मुरलेल्या रंगाइतके सुंदर काही त्या काळच्या युरोपीय पोर्सेलीनमध्ये क्वचितच आढळते, असे माझे मत आहे. आपल्या फुलदाणीची माती कठीण, केओलिनयुक्त निघाली, तर १७५७ ची खूण खोटी ठरते. भाजल्यानंतर घोटून चकचकीत केलेले सोनेरी काम अस्सल वस्तूंप्रमाणे जाड व किंचित उठावदार आहे का, हेही पाहावे. फुलदाणी घासून स्वच्छ करू नका. जाणकाराला प्रत्यक्षच दाखवा.