पुण्यातल्या साध्या कॉलेजातून बीकॉम केलं तर फायनान्समध्ये कॅम्पस प्लेसमेंट मिळतं का, की कॉलेजचं नावच चालतं?

नाव चालतंच, खोटं कशाला बोलू. पण कुठं चालतं ते बघ. इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं खरं डीलचं काम, म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, भांडवल उभारणी, मुंबईत बीकेसीला, जागा मोजक्या, त्यामुळे त्या कंपन्या आयआयएम अहमदाबाद, कलकत्ता, जमनालाल बजाज अशा ठराविक ठिकाणीच जातात, कारण प्रवेश परीक्षेनं आधीच चाळण लावलेली असते, त्यांना आयते उमेदवार मिळतात, आणि आतले सीनियर पण तिथलेच. पुण्यात खराडी-मगरपट्ट्याकडं बार्कलेज, बीएनवाय वगैरे परदेशी बँकांची मोठी ऑफिसं आहेत, पण फ्रेशर्सना बहुतेक ऑपरेशन्स (पडद्यामागचं काम), फंड अकाउंटिंग (फंडांचे हिशेब), केवायसी असलं काम. तिथं बीएमसीसीसारख्या नावाजलेल्या कॉमर्स कॉलेजचं नाव असलं तर बरंच, नसलं तरी ॲप्टिट्यूड टेस्ट आणि बोलणं बरं असलं की काम होतं. फक्त कंपनीच्या नावाला भुलू नकोस, जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, नीट वाच, वर ‘ॲनालिस्ट’ असतं आणि खाली ट्रेड सेटलमेंट (झालेले व्यवहार पुरे करण्याचं काम), अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट.

कॉलेजचं नाव नसेल तर सीए कर. आयसीएआय, म्हणजे सीएंची संस्था, स्वतः कॅम्पस घेते, तिथं कॉलेज कोण विचारतंय, अटेम्प्ट किती आणि आर्टिकलशिप (सीए फर्ममधली ट्रेनिंग) कुठं ते विचारतात. म्हणजे नाव आलंच म्हणा, फक्त फर्मचं.